पुराचा पैसा आणि वोन्जू शहर

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)

 

मागच्या सभेत एक काकू म्हणाल्या होत्या, "आमच्या पोरी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाईलवर कोरियाच्या सिरियल बघतात. ती गोरी-गोरी माणसं, ते चकचकीत रस्ते. तिथलं खरं काय असतं ते एकदा सांग गं." म्हणून आज कोरियाबद्दल बोलते. पण सिरियलमध्ये दिसतं ते बहुतेक सोल, म्हणजे त्यांची राजधानी. नुसती मुंबई बघून महाराष्ट्र कळत नाही, तसंच सोल बघून कोरिया कळत नाही. म्हणून मी एक मधलं शहर निवडलंय. त्याचं नाव वोन्जू. लोकसंख्या साधारण साडेतीन लाखांच्या थोडी वर.

हेच शहर का? आज आपल्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय आहे, समुदाय गुंतवणूक निधीचा. निधी गटांना कसा द्यायचा आणि गटांनी तो कसा वापरायचा. पन्नास वर्षांपूर्वी वोन्जूच्या लोकांपुढे अगदी हाच प्रश्न आला होता. त्यांनी जे केलं ते मी एमएसडब्ल्यूला असताना सहकाराच्या अभ्यासात वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात आहे. मी तिथे गेलेले नाही. वाचून जे समजलं ते सांगते.

कुठे आहे हे शहर

दक्षिण कोरिया हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश एवढा आहे. त्यातली जवळपास सत्तर टक्के जमीन डोंगराळ. म्हणजे पिकाऊ जमीन थोडी आणि माणसं पाच कोटींच्या वर. सोलहून पूर्वेला रेल्वेने तासाभराच्या अंतरावर वोन्जू लागतं. प्रांताचं नाव गांगवोन. या प्रांतातलं लोकसंख्येने सगळ्यात मोठं शहर हेच.

शहराच्या पाठीशी चिआक नावाचा डोंगर आहे, १,२८८ मीटर उंच. आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच, पण हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. शहरातून वोन्जू ओढा वाहतो, तो सॉम नदीला मिळतो, सॉम पुढे नामहान नदीला मिळते आणि नामहानचं पाणी शेवटी सोलमधून वाहत समुद्राला जातं. ही नामहान नदी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

चिआक डोंगराची एक गोष्ट तिथल्या प्रत्येक पोराला माहीत असते. 'चि' म्हणजे तितरासारखा एक रानपक्षी. एका वाटसरूने या पक्ष्यांना सापापासून वाचवलं, साप मारला. रात्री त्या सापाच्या जोडीदारणीने वाटसरूला विळखा घातला आणि म्हणाली, पहाटेच्या आत डोंगरावरच्या देवळातली घंटा वाजली तरच सोडीन. देऊळ तर ओसाड. पण घंटा वाजली. सकाळी जाऊन बघतात तर घंटेखाली पक्षी मरून पडलेले, डोकी आपटून आपटून त्यांनी घंटा वाजवली होती. उपकाराची परतफेड जिवावर उदार होऊन केली. आपल्याकडे परतफेडीचा विषय निघाला की मला ही गोष्ट आठवते. (हशा)

पाचशे वर्षांचं जिल्ह्याचं ठिकाण

१३९५ साली राजाने गांगवोन प्रांताची कचेरी वोन्जूत बसवली. ती १८९५ पर्यंत, म्हणजे पाचशे वर्षं तिथेच होती. प्रांताच्या नावातलं 'वोन' हे अक्षरसुद्धा वोन्जूचंच. त्या कचेरीचं आवार आजही शहराच्या मध्यभागी आहे. जिथे सॉम नदी नामहानला मिळते तिथे सरकारी धान्याचं कोठार होतं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी सारा म्हणून भरलेलं धान्य तिथे साठवायचं आणि होडीने राजधानीला पाठवायचं. पीक खेड्याचं, पोट राजधानीचं. हे जगात सगळीकडे सारखंच दिसतं.

मग जपान्यांचं राज्य आलं. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. वोन्जूजवळ एका जुन्या मठाच्या जागी अकराव्या शतकातला कोरीव दगडी स्तूप होता. १९११ मध्ये तो उचलून नेला, पार जपानपर्यंत गेला, पुढे सोलला परत आला आणि नंतरच्या युद्धात त्यावर बॉम्ब पडून हजारो तुकडे झाले. अलीकडे कारागिरांनी पाच वर्षं खपून तो तुकडा-तुकडा जोडला आणि ११२ वर्षांनी, २०२३ मध्ये, तो वोन्जूला माघारी आणला. आपल्या गावचा दगड आपल्या गावात परत आला म्हणून लोकांना किती आनंद झाला असेल बघा.

सून विणते, तो देव विणतो

आता जे सांगते ते खास आपल्यासाठी. कोरियात १८६० मध्ये 'दोंगहाक' नावाचा एक पंथ सुरू झाला. माणसातच देव आहे, गरीब-श्रीमंत सगळे सारखे, असं सांगणारा. वारकरी घरातल्या बाईला हे काही नवीन नाही. या पंथाचे दुसरे गुरू चे सी-ह्योंग. सरकार मागे लागलेलं, म्हणून ते गावोगाव लपत फिरायचे आणि लोकांना शिकवायचे. १८९८ मध्ये वोन्जूजवळच्या एका खेड्यात ते पकडले गेले आणि त्यांना फाशी दिली.

त्यांची एक गोष्ट सांगतात. ते एका शिष्याच्या घरी गेले होते. आतून हातमागाचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, कोण विणतंय? शिष्य म्हणाला, माझी सून. गुरूंनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं, कारण शिष्याच्या लक्षात येत नव्हतं की सून विणते म्हणजे देवच विणतो आहे. सुनेला, लेकराला मारू नका, त्यांच्यात देव आहे, असं त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलं. ज्या काळात सुनेचं नावही कुणी घेत नव्हतं, त्या काळात.

या माणसाची आठवण वोन्जूने जपली. पुढे ज्यांनी शहरात सहकार उभा केला ते चांग इल-सून याच विचारांनी भारलेले होते.

युद्ध, आणि मग रिकामे हात

१९५० ते १९५३ कोरियात युद्ध झालं. देश त्याआधीच दोन तुकड्यांत वाटला गेला होता. वोन्जू मोक्याच्या ठिकाणी, म्हणून १९५१ च्या सुरुवातीला शहरासाठी पुन्हा पुन्हा लढाया झाल्या. कधी हे सैन्य, कधी ते. शहर जमीनदोस्त झालं. १९५४ नंतर तिथे सैन्याचं मोठं मुख्यालय आलं आणि वोन्जू छावणीचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

चांग इल-सून वोन्जूचेच. युद्ध संपल्या-संपल्या, १९५४ मध्ये, त्यांनी तिथे शाळा काढली. १९६१ मध्ये सैन्याने देशाची सत्ता घेतली तेव्हा दोन्ही कोरियांनी शांततेने एक व्हावं असं म्हटल्याबद्दल त्यांना तीन वर्षं तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावरही पोलिसांचा पहारा असायचा. भाषण करता येईना, शाळा चालवता येईना. मग ते घरी बसून चित्रं काढायचे, शेती करायचे आणि येईल त्या माणसाशी बोलायचे. १९६५ मध्ये वोन्जूत कॅथलिक चर्चचे पहिले बिशप म्हणून जी हाक-सून आले. या दोघांची मैत्री झाली. दोघांना एकच कळकळ, गरीब माणूस सावकाराच्या दारातून बाहेर कसा येईल.

भिशी होतीच, पतसंस्था आली

कोरियातल्या बायकांना बचत नवीन नव्हती. आपल्यासारखीच तिथे भिशी होती, तिला 'क्ये' म्हणतात. दहा-बाराजणींनी दर महिन्याला पैसे टाकायचे, पाळीपाळीने एकीने उचलायचे. मुलीचं लग्न, पोराची फी, घराची डागडुजी, सगळं त्यावर. पण भिशीत एक धोका असतो, तो तिथेही होता. पहिल्यांदा उचललेली बाई पुढे पैसे टाकायची थांबली, की मागच्या सगळ्या बुडाल्या. हिशोब एकीच्या डोक्यात, कागद कुठेच नाही.

कोरियातली पहिली पतसंस्था १९६० मध्ये बुसान शहरात एका बाईनेच सुरू केली. मेरी गॅब्रिएला नावाच्या अमेरिकन सिस्टर होत्या. सभासद फक्त २७. त्यांचा आग्रह असा, की आधी सभासदांनी शिकायचं आणि मगच पैसे गोळा करायचे. हिशोब कसा ठेवतात, कर्ज कुणाला द्यायचं, व्याज का घ्यायचं. तीच वाट धरून १९६६ मध्ये वोन्जूच्या चर्चमधल्या लोकांनी पतसंस्था काढली. १९७२ मध्ये 'बाल्गुम' नावाची दुसरी सुरू झाली. बाल्गुम म्हणजे उजेड. ती आजही चालू आहे.

त्याच काळात सरकारही गावांत काम करत होतं. १९७० मध्ये 'नवं गाव' ही मोठी मोहीम निघाली. देशातल्या ३३ हजारांहून जास्त गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट मिळालं. ज्या गावांनी ते नीट वापरलं त्यांना पुढच्या वर्षी आणखी ५०० पोती आणि एक टन लोखंड. रस्ते झाले, छपरं बदलली. गावोगावच्या बायकांनी प्रत्येक वेळच्या भातातला मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकून तो विकून बचत केली. आपल्या मूठभर धान्याच्या बचतीसारखंच. या मोहिमेने खूप कामं झाली, पण हुकूम वरून यायचा. काय करायचं ते बरंचसं आधीच ठरलेलं असायचं.

१९ ऑगस्ट १९७२

त्या वर्षी ऑगस्टमध्ये नामहान नदीला महापूर आला. शेतं वाहून गेली, घरं गेली, जनावरं गेली. उरलं ते गाळ आणि दगड. आपल्यातल्या ज्यांनी पूर बघितलाय त्यांना मी हे सांगायची गरज नाही.

बिशप जी यांनी परदेशातल्या कॅथलिक संस्थांकडे मदत मागितली आणि पश्चिम जर्मनीतून मोठी रक्कम आली. अन्न, कपडे, निवारा हे तातडीचं लगेच दिलं. पण रक्कम त्याहून मोठी होती. आता बाकीच्या पैशाचं काय करायचं?

सोपा मार्ग होता. यादी करायची, भागाकार करायचा, घरटी वाटून टाकायचं. भांडण नाही, तंटा नाही, फोटो काढून मोकळं. पण वाटलेला पैसा दोन महिन्यांत संपला असता आणि पुढच्या पुरात तीच माणसं त्याच रांगेत उभी राहिली असती.

१९७३ मध्ये त्यांनी एक समिती केली. तिच्यात फक्त चर्चचे लोक नव्हते, बाहेरचेही होते. चांग इल-सून मागे राहून सल्ला देत. समितीची पद्धत अशी, की पैसा एकेका घराला नाही, गावाला. गावाने आधी सभा घ्यायची. आपली समिती निवडायची. आपली अडचण काय ती आपण ठरवायची. कुणाला वाहून गेलेलं शेत पुन्हा तयार करायचं, कुणाला गाई घ्यायच्या, कुणाला बांध घालायचा. मग कागदावर मांडायचं. जिथे जमेल तिथे पैसा फुकट न देता परतफेडीच्या बोलीवर द्यायचा, म्हणजे तो फिरून पुढच्याच्या कामी येईल. काम चर्चमध्ये येणाऱ्यांसाठीच असं नव्हतं. जो पुरात बुडाला तो आपला.

आणि यासाठी गावोगाव फिरणारी माणसं नेमली. आमच्यासारखीच, क्षेत्रावरची. त्यातला एक पाक जे-इल नावाचा तरुण. विद्यार्थी आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला. ही मंडळी गावात जायची, सभेत बसायची, हिशोब शिकवायची. पुढे हेच काम डोंगरातल्या कोळसा खाणींच्या वस्त्यांपर्यंत गेलं. खाणकामगारांच्या बायका दुकानदाराकडून उधारीवर महाग माल घ्यायच्या. तिथे पतसंस्था आणि ग्राहकांची सहकारी दुकानं उभी राहिली.

हे सगळं हुकूमशाहीत चाललं होतं. जुलै १९७४ मध्ये बिशप जी यांना अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली. देशभर लोक त्यांच्यासाठी उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांना सोडावं लागलं. बिशप तुरुंगात असतानाही गावातल्या सभा चालू राहिल्या. माझ्या मते ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एका माणसावर चालणारं काम असतं तर ते त्या दिवशीच थांबलं असतं.

संसाराचं दुकान

दहा-बारा वर्षं गावांत फिरल्यावर या लोकांच्या लक्षात आलं, की गावात कर्ज मिळालं, गाय मिळाली, तरी माल विकताना शेतकरी पुन्हा मार खातोच. रासायनिक खतं-औषधांचा खर्च वाढतोय, फवारणीने माणसं आजारी पडतायत, आणि भाव व्यापाऱ्याच्या हातात. तिकडे शहरातल्या बायकांना चांगलं धान्य हवंय, पण कुठे मिळेल ते माहीत नाही.

१९८५ मध्ये वोन्जूत ग्राहकांची सहकारी संस्था झाली. आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाक जे-इल यांनी सोलमध्ये एक छोटं तांदळाचं दुकान उघडलं. तांदूळ, कडधान्यं, तिळाचं तेल, अंडी. बस्स. पुढे त्याचं नाव झालं 'हानसालिम'. कोरियन भाषेत 'सालिम' म्हणजे घर चालवणं, संसार करणं, आणि जगवणंही. एका शब्दात दोन्ही. आपण रोज जे करतो त्याला कुणी काम म्हणत नाही, त्यांनी त्याचंच नाव संस्थेला दिलं.

सुरुवातीला शेजारच्या काही घरांतल्या बायका गट करून एकत्र मागणी नोंदवायच्या, माल गटाला यायचा, त्या आपसात वाटून घ्यायच्या. भाव बाजारावर सोडलेला नसतो. शेतकरी आणि ग्राहक एकत्र बसून चर्चा करून ठरवतात. आज लाखो कुटुंबं त्याची सभासद आहेत. त्याचं मूळ शोधत गेलं तर नामहानचा तो पूर आणि गावातल्या त्या सभा सापडतात.

मिरच्या लावणारी लेखिका

वोन्जूची आणखी एक ओळख म्हणजे पाक क्योंग-नी. कोरियातली फार मोठी लेखिका. जन्म १९२६ चा. युद्धाच्या काळात नवरा गेला, नंतर मुलगाही गेला. एकटीने मुलगी वाढवली. पुढे जावई कवी किम ची-हा याला सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल १९७४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, ती नंतर कमी झाली. १९८० मध्ये ही बाई वोन्जूला राहायला आली. तिची 'तोजी' नावाची कादंबरी तिने १९६९ मध्ये सुरू केली होती. तोजी म्हणजे जमीन. कथेची नायिका घराण्याची हातची गेलेली जमीन परत मिळवणारी बाई आहे. ही कादंबरी १९९४ मध्ये वोन्जूच्या घरात पूर्ण झाली. पंचवीस वर्षं लागली. अधूनमधून ती परसात मिरच्या, भाजी लावायची, आणि नंतर तिथे लिहायला येणाऱ्या तरुण लेखकांना स्वतः पिकवलेलं खाऊ घालायची. २००८ मध्ये ती वारली. तिच्या घराचा आता बाग आणि स्मारक केलंय. २०१९ मध्ये युनेस्कोने वोन्जूला साहित्याचं शहर म्हणून मान दिला, त्यात या बाईचा वाटा मोठा आहे.

आजचं वोन्जू

आता शहराचं रोजचं जगणं. एप्रिल ते डिसेंबर रोज पहाटे चार वाजता ओढ्याच्या काठावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि नऊला उठतो. १९९४ पासून चालू आहे. तिथे फक्त वोन्जूतल्या शेतकऱ्यांनीच आपला माल विकायचा, व्यापाऱ्याला जागा नाही. विकणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका खूप. याशिवाय दर पाच दिवसांनी भरणारा जुना बाजार आहे, आपल्या आठवडी बाजारासारखा. मंडईत हाताने लाटून कापलेल्या शेवयांचं गरम कालवण आणि मोदकासारखे वाफवलेले मांदू मिळतात. मांदूत गूळ-खोबरं नसतं, भाजी-मांस असतं.

नोव्हेंबरच्या सुमारास थंडी पडायच्या आधी बायका एकत्र जमून कोबीचं किमची घालतात. मीठ, तिखट, लसूण लावून हिवाळ्याचा साठा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया करतो तसं. या एकत्र किमची घालण्याला आणि वाटण्याला २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या कुरडयांचा नंबर अजून लागायचा आहे.

शहरात वैद्यकीय उपकरणं बनवण्याचे कारखाने आहेत, देशाच्या आरोग्य विम्याचं मुख्य कार्यालय आहे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने कागद करण्याची कला आहे. २०१८ मध्ये दरीवर दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल झाला, तो बघायला लोक येतात. आणि सहकार अजून जिवंत आहे. सभासदांनीच उभा केलेला दवाखाना आहे. मला सगळ्यात आवडलेली संस्था म्हणजे बेघर आणि अगदी गरीब माणसांची बचत संस्था. ज्यांना कुठलीही बँक दारात उभी करणार नाही, ते थोडं-थोडं साठवतात आणि अडचणीला त्यातून छोटं कर्ज घेतात.

पण सगळं गोड आहे असं समजू नका. १९९७ मध्ये कोरियात मोठं आर्थिक संकट आलं आणि त्यानंतर देशभर अनेक पतसंस्था बंद पडल्या. खेड्यांत आता म्हातारी माणसंच जास्त दिसतात. २०२३ मध्ये कोरियातला जन्मदर जगात सगळ्यात कमी होता. चकचकीत सिरियलच्या त्या देशात बाईची कमाई पुरुषापेक्षा अजून साधारण तीस टक्क्यांनी कमी आहे. आणि २००८ पर्यंत तिथल्या कायद्यात कुटुंबप्रमुख पुरुषच धरला जायचा. नवरा वारला तर प्रमुखपद लहान मुलाकडे जायचं, आईकडे नाही. बायकांनी वर्षानुवर्षं लढून तो कायदा घालवला. इथे बसलेल्या कितीजणींचं नाव घराच्या नमुना आठवर आहे, ते आपण पुढच्या सभेत हात वर करून बघू.

आता विषय क्रमांक तीन

आपल्या प्रभागात मी बघते, निधी आला की बऱ्याच गटांत तो त्याच दिवशी दहाजणींत सारखा वाटला जातो. मी याबद्दल विचारलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, सारखं वाटलं म्हणजे भांडण होत नाही." मावशींचं चुकत नाही. गट टिकवणं हे मोठं काम आहे आणि तुम्ही ते माझ्या जन्माआधीपासून करताय. पण सारखं वाटलं की काय होतं? जिला गरज नाही ती घेते आणि घरात खर्च होतो. जिला शेळ्या घ्यायच्यात तिला तेवढ्यात एकच येते. आणि चार महिन्यांनी जिच्या घरी आजारपण येतं तिच्यासाठी गटात काहीच उरलेलं नसतं. मग ती हप्तेवाल्या कंपनीच्या दारात जाते. तिथला वसुलीवाला सकाळी सातला दारात उभा असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

भांडण टाळायला पैसा वाटणं हा एक मार्ग झाला. सगळ्यांसमोर बसून, कारण सांगून, रजिस्टरला लिहून ठरवणं हा दुसरा. पहिला एका दिवसाचा आहे. दुसऱ्याला चार बैठका लागतील, आवाज चढतील. वोन्जूच्या गावांतही पहिल्या सभेत सगळे गुण्यागोविंदाने बोलले असतील असं मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. निधीचा धनादेश यायला अजून वेळ आहे. तेवढ्यात प्रत्येक गटाने पतआराखडा, ज्याला आपण एमसीपी म्हणतो, तो खरोखर बसून करावा. सीआरपी ताईने घरी भरून आणलेला नको. त्यासाठी तीन गोष्टी विचारायच्या. एक, आपल्या गटात आत्ता सगळ्यात जास्त नड कुणाची, आणि ती आज बैठकीला आली आहे का? दोन, पैसा परत आल्यावर पुढचा नंबर कुणाचा, हे आज लिहून ठेवलंय का? तीन, अध्यक्ष-सचिव दोघी महिनाभर बाहेरगावी गेल्या तरी बैठक होईल का, वही कुणाला लिहिता येते?

ज्या गटांना आराखडा करताना मी सोबत हवी आहे त्यांनी आज जाताना नाव सांगा. बैठक संध्याकाळी असली तरी चालेल, जेवण उरकून नऊला बसलो तरी चालेल. मी येईन, बसेन, पण ठरवायचं तुम्हीच.

 आता अध्यक्ष ताईंनी विषय क्रमांक तीन वाचावा.